गणपतीच्या देखाव्यात न्यूज चॅनेलची टिंगल करायची आहे, पण पोरांनी एकाच बाजूचं लिहिलंय. काय करू?

केबलवाले अण्णा (सोलापूर, पूर्व भाग)

प्रश्न थोडा लांबतोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

मी १९९४ पासून पूर्व भागात केबल चालवतो. तेव्हा गच्चीवर दोन डिश, खाली एक व्हीसीआर आणि घराघरांवरून ओढलेली वायर, एवढाच पसारा होता. २०१३ मध्ये आपल्या शहरात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून गिऱ्हाइकानं चॅनेल निवडून पैसे भरायचे असा नियम आला. मग फायबरवाले आले. आता माझ्याकडे साडेसहाशे कनेक्शन उरलीत.

यातल्या निम्म्या घरांत बाई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा, आणि समोर टीव्ही. नजर सुपावर असते, त्यामुळे ती टीव्ही बघत नाही, ऐकते. सकाळी तेलुगू मालिका, दुपारी मराठी बातम्या, संध्याकाळी त्याच बातम्यांवरचं भांडण. अँकरचा आवाज त्या घरात रोज चार-पाच तास असतो. नवरा ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात जातो तिथं उलटी गत. खडखडाटात शेजारच्याचं बोलणं कळत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर टीव्ही असतो, त्याच्या खालची लाल पट्टी तेवढी वाचता येते. रात्री दोघं जेवायला बसतात तेव्हा एकीनं नुसता आवाज ऐकलेला असतो, दुसऱ्यानं नुसती पट्टी वाचलेली असते, आणि दोघांनाही वाटतं की बातमी कळली. वसुलीला जातो तेव्हा दर महिन्याला मी हे बघतो.

आता मुद्दा. आमच्या मंडळाच्या पोरांनी यंदा जिवंत देखावा ठरवलाय: न्यूज चॅनेलचा स्टुडिओ. मागं लाल-निळे दिवे, कोट घातलेला अँकर, चार चौकोनांत चार पाहुणे. पंधरा मिनिटांचा खेळ, रात्री आठ ते साडेदहा, चार वेळा. लिहिणारा पोरगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, डोकं चांगलं आहे त्याचं. रविवारी माझ्या कंट्रोल रूममध्ये बसून त्यानं वाचून दाखवलं. पहिली पाच मिनिटं मी पोट धरून हसलो. नंतर माझं हसू कमी कमी होत गेलं, कारण सगळे चिमटे सरकारची बाजू घेणाऱ्या चॅनेलला होते. विरोधी पक्षांच्या बाजूनं बोलणारी चॅनेलं, ही पोरं दिवसरात्र मोबाईलवर बघतात ते यूट्यूबवाले, यांच्यावर एक ओळ नव्हती.

मी विचारलं तर म्हणला, "अण्णा, खुर्चीत जो बसतोय त्याचीच टिंगल करायची असते की. बाकीच्यांची करून काय मिळणार?"

त्याचं चूक आहे असं मला म्हणता आलं नाही. पण त्याच खोलीत आणखी एक पोरगा होता. त्याचे वडील सत्तेतल्या एका पक्षाचे वॉर्डातले कार्यकर्ते आहेत. तो काही बोलला नाही, आणि सोमवारपासून लेझीमच्या सरावाला यायचा बंद झाला. पंधरा वर्षं हे दोघं एका ताटात जेवलेत.

मी रोज आठ मॉनिटर शेजारी शेजारी लावून बसणारा माणूस आहे. काय दिसतं ते सांगतो. २०१९ च्या नोव्हेंबरात निवडणुकीनंतर आघाड्या बदलल्या तेव्हा एका मॉनिटरवर "जनादेशाचा विश्वासघात" आणि दुसऱ्यावर "महाराष्ट्रात नवं पर्व". जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा इकडे "उठाव", तिकडे "गद्दारी". २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली. त्याच्या आधी पाचच दिवस, २७ जूनला, भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी त्याच पक्षावर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला होता. पाच दिवस ते भाषण दाखवणाऱ्या मॉनिटरवर रविवारी "मास्टरस्ट्रोक" लिहून आलं. आणि ज्या मॉनिटरवर वर्षानुवर्षं तेच आरोप "सूडाचं राजकारण" म्हणून झटकले जात होते, तिथं त्याच दुपारी ते आरोप एकदम खरे ठरले. माणसं तीच, आरोप तोच, शब्द रातोरात बदलले. दोन्हीकडे.

आता हे सांगायला जड जातंय, पण सांगतो. माझंही एक लोकल चॅनेल होतं. संध्याकाळी अर्धा तास शहराच्या बातम्या, बाकी वेळ वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि देवळातल्या आरत्या. महापालिकेच्या एका निवडणुकीत एका उमेदवारानं पंधरा दिवसांची चलपट्टी बुक केली. जाहिरातीला निवडणूक कार्यालयाच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं, ते त्यानं रीतसर आणलं. त्याच आठवड्यात आमच्या मागच्या बोळातल्या बायका पाच दिवस नळाला पाणी नाही म्हणून घागरी घेऊन त्याच्या ऑफिसवर गेल्या. माझ्या पोरानं ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं. मी ते लावलं नाही. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी दमही दिला नव्हता. मीच मनानं ठरवलं. त्यातली एक अक्का माझी गिऱ्हाईक. तीन दिवस रोज विचारायची, "अण्णा, आमचं टीव्हीत कधी दाखवणार?" चौथ्या दिवशी तिनं विचारणं सोडलं. ती कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून पोरांचा देखावा नुसता "चांगलंय, करा" म्हणून मला सोडवत नाही. एकाच बाजूची टिंगल केली तर आपणही त्या आठ मॉनिटरांसारखे नववा मॉनिटर होतो असं मला वाटतं. पण दोन्हीकडचं सारखं मोजून घातलं तर ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला आपण फुकट सोडतो का? ज्यांनी असे कार्यक्रम बघितलेत, केलेत, त्यांनी कृपा करून सांगा. गणपतीला दीड महिना आहे.

---

बाळेकर, सध्या न्यू जर्सी

अण्णा, नमस्कार. माझं माहेरचं घर बाळ्यात खंडोबाच्या देवळाजवळ. सोळा वर्षं इकडे आहे आणि तुम्ही ज्याच्याबद्दल विचारताय तसा कार्यक्रम इथं जवळजवळ रोज बघितलाय. 'द डेली शो' त्याचं नाव. १९९६ मध्ये सुरू झाला, जॉन स्टुअर्ट १९९९ च्या जानेवारीत आला आणि २०१५ च्या ऑगस्टपर्यंत रोजचा सूत्रधार तोच. बातमीपत्राचंच टेबल, तसाच कोट, मागं तसेच फोटो. पण खरी ताकद टेबलात नव्हती, रेकॉर्डिंगमध्ये होती. त्यांच्याकडं न्यूज चॅनेलचं भाराभर रेकॉर्डिंग असायचं आणि ते चाळायला माणसं बसवलेली असायची.

एक उदाहरण सांगते, ते मी पुन्हा पुन्हा बघितलंय. २००८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. कार्ल रोव्ह हा बुश यांचा रणनीतीकार, तेव्हा फॉक्स न्यूजवर विश्लेषक. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष टिम केन यांना उपाध्यक्षपदासाठी उभं करील अशी चर्चा होती. रोव्ह म्हणाला, हा तीन वर्षांचा गव्हर्नर, त्याआधी रिचमंडचा महापौर, आणि रिचमंड काय, देशातलं १०५ व्या क्रमांकाचं शहर. काही आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षानं सारा पेलिन यांना उभं केलं. त्या दोन वर्षांच्याही गव्हर्नर नव्हत्या आणि त्याआधी वासिला नावाच्या छोट्या गावाच्या महापौर होत्या. रोव्हनं तोच महापौरपदाचा अनुभव गुण म्हणून सांगितला. स्टुअर्टनं काय केलं? आधीचा तुकडा लावला, नंतरचा लावला, आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. नक्कल नाही, शिवी नाही. माणूस स्वतःच्याच तोंडानं पकडला गेला.

तुम्ही ज्या शब्दांची यादी दिलीत ना, उठाव-गद्दारी-मास्टरस्ट्रोक, ती हीच गोष्ट आहे. पोरांना म्हणावं, हशा त्या दोन तारखांच्या मधल्या फटीतून येऊ दे.

आता दोन्ही बाजूंचं. स्टुअर्ट स्वतः डावीकडं झुकलेला होता, ते त्यानं कधी लपवलं नाही. उजवीकडं झुकलेलं फॉक्स त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. तरी ओबामांच्या आरोग्य विम्याची वेबसाइट २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कोलमडली तेव्हा त्यानं त्यांच्याच आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांना समोर बसवून पिळून काढलं. २०२४ च्या फेब्रुवारीत सोमवारपुरता परत आला आणि पहिल्याच भागात ट्रम्प आणि बायडन दोघांच्या वयावर बोलला. त्याच्यावर चिडले कोण? बायडनचे समर्थक. माझ्या ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी त्या आठवड्यात त्याच्यावर इतक्या रागावल्या होत्या की दुपारच्या डब्याला तोच विषय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला दुसऱ्याचा दुटप्पीपणा दाखवणारा माणूस हवा असतो, आपला नाही.

आणि आणखी एक, हे तुमच्या पोरांना नक्की सांगा. २००४ च्या ऑक्टोबरात स्टुअर्ट सीएनएनच्या 'क्रॉसफायर'वर गेला. तिथं एक डावा आणि एक उजवा समोरासमोर बसून रोज भांडायचे, अगदी आपल्या संध्याकाळच्या चर्चांसारखं. त्यांना वाटलं हा विनोद करील. तो गंभीर झाला आणि म्हणाला की तुम्ही देशाचं नुकसान करताय, हे थांबवा. ही चर्चा नाही, हे नाटक आहे. दोघांनाही म्हणाला, एकाला नाही. २००५ च्या जानेवारीत सीएनएननं तो कार्यक्रम बंद करायचं ठरवलं आणि त्यांच्या प्रमुखानं जाहीर सांगितलं की स्टुअर्टचं म्हणणं त्याला पटतं.

फॉक्सचा शेवटचा किस्सा. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत घोटाळा झाला असं त्यांच्या पडद्यावर सांगितलं जात होतं आणि त्याच वेळी त्यांचेच अँकर एकमेकांना खासगी मेसेजमध्ये हे खोटं आहे असं लिहीत होते. यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीनं खटला भरला, ते मेसेज कोर्टात आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पडद्यावर एक आणि मोबाईलवर दुसरं. अण्णा, यावर पाच मिनिटांचा प्रवेश होतो: अँकर कॅमेऱ्यासमोर ओरडतोय आणि टेबलाखाली बायकोला खरं काय ते मेसेज करतोय.

---

सडेतोड

मी बी.कॉम.वाल्या पोराच्या बाजूनं आहे.

अण्णा, तुम्ही मनानं चांगले आहात, पण "दोन्हीकडं सारखंच" हे वाक्य सत्तेतल्यांना फार आवडतं. सरकारकडं पोलीस आहेत, सरकारी जाहिराती आहेत, परवाने आहेत. विरोधकांच्या बाजूचं चॅनेल खोटं बोललं तर माणूस फसतो. सरकारच्या बाजूचं चॅनेल खोटं बोललं तर माणूस फसतो आणि वर जाब विचारणाराच गुन्हेगार ठरतो. रोज रात्री नऊ वाजता सत्ता सोडून विरोधकांनाच प्रश्न विचारणारा अँकर आणि कुठल्या तरी यूट्यूबवर विरोधकांची तळी उचलणारा, हे एका तागडीत बसत नाहीत. चिमटे मोजून समान करू नका. ज्याचं वजन जास्त त्याला जास्त, एवढं तरी ठेवा.

फक्त एक मान्य करतो. शून्य चिमटे हे बरोबर नाही. मीसुद्धा ते यूट्यूबवाले बघतो आणि त्यांनी २०१९ च्या आधी आणि नंतर एकाच पक्षाबद्दल काय काय म्हटलं ते मला आठवतं.

---

आधी स्ट्रिंगर, आता झेरॉक्सचं दुकान

मी नऊ वर्षं सोलापूर जिल्ह्यातून एका चॅनेलला बातम्या पाठवल्या. नाव घेत नाही. पगार नाही, बातमी लागली तर पैसे. गाडीचं पेट्रोल आपलं, कॅमेरा आपला. त्यामुळं डेस्कला काय हवंय ते ओळखून तसंच शूट करायची सवय लागते. अण्णांनी लिहिलंय ना, कुणाचा फोन आला नव्हता, मीच ठरवलं. ते वाचून मला घाम आला. माझंही तसंच होतं. फोन फक्त पहिल्या वर्षी येतात. नंतर गरज पडत नाही.

कांद्याचं सांगतो, कारण सोलापुरात कांदा सगळ्यांना कळतो. भाव पडले की बाजार समितीत जायचं, ट्रकांची रांग घ्यायची, एका शेतकऱ्याचा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, घ्यायचा. एका सरकारच्या काळात मी हीच बातमी पाठवली तेव्हा डेस्क म्हणालं, रडणारा शेतकरी पाहिजे, कांदा रस्त्यावर ओतताना पाहिजे. शीर्षक आलं "बळीराजाचा आक्रोश". सरकार बदललं. तोच बाजार, तीच रांग, तेच शॉट. या वेळी डेस्क म्हणालं, व्यापाऱ्याचा बाईट घे, आवक किती झाली ते विचार. पट्टी आली "आवक वाढल्याने दरात घसरण". दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. शेतकरी खरंच रडत होता आणि आवक खरंच वाढली होती. कुठल्या वर्षी कुठलं खरं दाखवायचं, एवढंच ठरवलं गेलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आपल्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात दोन रुपयांचा चेक. देशभर गाजली ती बातमी. तोवर मी काम सोडलं होतं. ज्यांच्या ग्रुपवर दर वेळी सरकार बघून कांदा रडायचा किंवा हसायचा, त्या सगळ्या ग्रुपांवर त्या दिवशी काय काय आलं ते मी वाचत बसलो होतो. एकीकडं तो चेक फिरत होता, दुसरीकडं "कांदा हलक्या प्रतीचा होता" हे फिरत होतं.

पोरांना म्हणा, मोठमोठ्या नेत्यांची नक्कल सोडा आणि हे करा. एक शेतकरी, हातात दोन रुपयांचा चेक. दोन अँकर, दोन टीव्हीच्या चौकटीत. मध्येच घंटा वाजते, सरकार बदलतं. अँकर उठून एकमेकांच्या खुर्चीत बसतात आणि समोरच्याचीच वाक्यं बोलायला लागतात. शेतकरी जागचा हलत नाही, चेकही तोच. यात कुणाचं नाव घ्यायला नको. बघणारा आपापलं चॅनेल ओळखतो.

---

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

अण्णा, मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. थोडं तारखांचं सांगते, कारण विनोद कुणाला सहन होतो आणि कुणाला नाही याचा हिशेब आपल्याकडं पक्षानुसार ठेवतात.

सप्टेंबर २०१२: व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक. राज्यात आणि केंद्रात काँग्रेस आघाडी. त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक. ज्या कलमाचा तिथं वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. सप्टेंबर २०२०: कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र पुढं पाठवलं म्हणून शिवसैनिकांनी मारलं. महाविकास आघाडीचं सरकार. मे २०२२: केतकी चितळे यांना शरद पवारांबद्दलच्या पोस्टवरून अटक, महिन्याहून अधिक काळ कोठडीत. तेच सरकार. मार्च २०२५: कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केलं म्हणून शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी खारमधला स्टुडिओ फोडला. महायुतीचं सरकार. यातल्या प्रत्येक वेळी अभिव्यक्तीच्या बाजूनं बोलणारी माणसं आणि चॅनेलं बदलली. जे २०२० ला संतापले होते त्यातले कितीतरी २०२५ ला म्हणाले, विनोदालाही मर्यादा असते. आणि उलटही झालं. तुमच्या पोरांना ही यादी भिंतीवर लावायला सांगा.

देखाव्याबद्दल एक काळजीही सांगते. २०२२ मध्ये कल्याणला एका मंडळानं शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला होता, तो पोलिसांनी जप्त केला. पोलीस ठाण्यात अर्ज देतानाच विषय स्पष्ट लिहून द्या, संहिता जोडा, पोच घ्या. ऐन चतुर्थीला धावपळ नको.

आणि एक विनंती. स्त्री अँकरची भूमिका पोरगा साडी नेसून करणार असेल तर तिच्या साडीवर, आवाजावर, दिसण्यावर हशा नको. कुणाच्या तेलुगू किंवा कानडी वळणाच्या मराठीवरही नको; आपल्या शहराची ती बोली आहे. सोंग कशाचं घ्यायचं हे आपल्या भारुडांनी चारशे वर्षांपूर्वी दाखवलंय. नाथांचं भारूड करणारा माणूस सोंग घेऊन स्वतःपासून सुरुवात करतो, आंधळा होऊन, जोगवा मागत, आणि ऐकणाऱ्याला स्वतःचं आंधळेपण दिसायला लागतं.

आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून रोज जाता ना? त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे वर्तमानपत्र चालवणारे होते. 'गझनफर' त्याचं नाव. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. या गावात बातमी छापणाऱ्या माणसानं काय किंमत मोजली आहे ते पोरांना माहीत असू द्या.

---

केबलवाले अण्णा

सगळ्यांची उत्तरं प्रिंट काढून (झेरॉक्सवाल्या दादांच्या दुकानातून नाही, पण पुढच्या वेळी नक्की) काल रात्री पोरांसमोर वाचली. काय ठरलं ते सांगतो.

नक्कल गेली. दोन टीव्हीच्या चौकटी, मध्ये कांद्याचा शेतकरी, हातात दोन रुपयांचा चेक, आणि खुर्च्यांची अदलाबदल, हे सगळ्यांना एकदम पटलं. शेतकऱ्याचं काम कोण करणार यावरून दोघांत भांडणसुद्धा झालं. टेबलाखालच्या मेसेजचा प्रवेशही घेतलाय. बाळ्याच्या ताईंना सांगा, तो वाचताना चहावाला पोरगासुद्धा थांबून हसला.

सडेतोड यांचं म्हणणं मी विसरलेलो नाही. पोरानं रात्रीत पुन्हा लिहिलं आणि त्यात सत्तेच्या बाजूच्या अँकरला मोठी खुर्ची दिलीय, उंचावर. खुर्च्या बदलल्या की जो त्या उंच खुर्चीत बसतो त्याचा आवाज आपोआप वाढतो. माझ्या शंकेचं निम्मं उत्तर मला तिथं मिळालं. टिंगल दोघांची आहे, पण उंची कुणाची आहे ते दिसतं. बाकीचं निम्मं अजून मनात घोळतंय. उंच खुर्ची यंदा एकाची, पाच वर्षांनी दुसऱ्याची, तेव्हा आमची पोरं एवढ्याच हौसेनं लिहितील का? मी त्याला तोंडावर विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणला, "लिहायला लागेल की अण्णा." एवढंच.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात स्वतःपासून करायची ठरवलीय. देखाव्याचा पहिला प्रवेश लोकल केबलवाल्याचा. पडदा उघडतो, एक माणूस कपाटात कॅसेट ठेवतोय, बाहेरून बाईचा आवाज येतो, "अण्णा, आमचं कधी दाखवणार?" तो कुलूप लावतो. मग स्टुडिओचे दिवे लागतात. ते काम मी करणार आहे. त्या अक्कांना भेटून मी आधी विचारलं. त्या विड्या वळत होत्या, मान वर केली नाही. म्हणाल्या, "करा. पण घागरी खऱ्या घ्या, प्लास्टिकच्या नको. त्या दिवशी पितळेची होती माझी." ती घागर त्या देणार आहेत.

ज्याचे वडील कार्यकर्ते आहेत तो पोरगा काल सरावाला आला नाही, पण वाचन चालू असताना दाराबाहेर गाडीवर बसून होता. मी दोनदा हाक मारली, आत आला नाही. संहितेची एक प्रत त्याच्या हातात दिलीय. उंच खुर्चीतल्या अँकरसाठी त्याच्यासारखा खणखणीत आवाज आमच्यात दुसऱ्या कुणाकडं नाही. बघू.

अर्ज उद्या पोलीस ठाण्यात जातोय, संहिता जोडून, पोच घेऊनच परत येणार.

आता एक अडचण. चौकटींसाठी जुना एकवीस इंची डबा टीव्ही पाहिजे, दोन नग. एक माझ्याकडे निघाला. दुसरा कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर सांगा. चालू नसला तरी चालेल, आतली नळी मी स्वतः काढतो, तुम्ही हात लावू नका, त्यात बंद केल्यावरही करंट राहतो. सोलापुरात कुठंही असू द्या, टेम्पो घेऊन मी येतो.